छत्तीस चौकोन आणि परत आलेला माल

सहा उभे रकाने, सहा आडव्या ओळी, छत्तीस चौकोन. झॅकमन फ्रेमवर्क म्हणून माझ्यासमोर जो तक्ता आला त्यात एवढंच होतं. रकान्यांच्या माथ्यावर सहा प्रश्न: काय, कसं, कुठे, कोण, केव्हा आणि का. ओळींना नावं माणसांची: सर्वांत वर कंपनीची दिशा ठरवणारे, मग धंदा चालवणारे, मग आर्किटेक्ट, मग इंजिनिअर, मग तंत्रज्ञ, आणि तळाशी रोजचा चालता कारभार. ‘कंपनीचं सगळं एंटरप्राइझ आर्किटेक्चर यात मांडायचं आहे,’ असं सांगण्यात आलं. सुरुवात कुठून करायची, किती खोलात जायचं, काम पूर्ण झालं हे कशावरून ओळखायचं, यातलं काहीच त्या तक्त्यावर लिहिलेलं नव्हतं.

मी मूळची प्रॉडक्शन प्लॅनिंगमधली. आमची कंपनी चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवते. जुनी ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचा कारभार एकत्र सांभाळणारी संगणक यंत्रणा, काढून नवी आणायचं ठरलं, तेव्हा आयटीच्या मंडळींबरोबर शॉप फ्लोअर माहीत असलेलं कुणीतरी हवं म्हणून मला आर्किटेक्चर टीममध्ये घेतलं. एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणजे ढोबळमानानं कंपनीचा कारभार आणि तो चालवणाऱ्या यंत्रणा यांचं एकत्रित, लेखी चित्र. कोणती माहिती कुठे राहते, कोणतं काम कशावर अवलंबून आहे, एक गोष्ट बदलली तर आणखी काय काय हलतं, हे त्यात दिसायला हवं. असं चित्र हातात नसताना ईआरपी बदलणं किती महागात पडतं, हे प्लॅनिंगमध्ये बसून मी पाहिलेलं होतं. त्यामुळे कामाची गरज मला पटलेली होती. घोडं अडत होतं ते तक्त्यापाशी.

माझा पहिला प्रश्न साधा होता. आत्ताची ईआरपी यातल्या कोणत्या चौकोनात लिहायची? टीममधला एक जण म्हणाला, तिच्यात माहिती साठवलेली आहे, म्हणजे ‘काय’. दुसरीचं म्हणणं, ती कामं करते, म्हणजे ‘कसं’. सर्व्हर आहे म्हणून ‘कुठे’, लॉगिन आणि अधिकार आहेत म्हणून ‘कोण’, महिनाअखेरीचं क्लोजिंग तिच्यातच होतं म्हणून ‘केव्हा’. प्रत्येकाचं बरोबरच वाटत होतं. एकच वस्तू पाच रकान्यांत जात असेल तर याला वर्गीकरण म्हणायचं कसं, हे मला कळेना. बारकोडची यंत्रणा, क्वालिटीचं तक्रारींचं सॉफ्टवेअर, हजेरीचं मशीन, आणि अर्धा कारखाना ज्यांच्या जिवावर चालतो त्या एक्सेल फायली, सगळ्यांच्या बाबतीत हाच घोळ.

शेवटी तक्ता बाजूला ठेवून मी मूळ लेख शोधून वाचायला घेतला. जॉन झॅकमन तेव्हा आयबीएममध्ये होते. १९८७ मध्ये ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये त्यांनी माहिती-यंत्रणांच्या आर्किटेक्चरसाठी एक चौकट मांडली. यंत्रणा मोठ्या होत चालल्या होत्या, एका जागेवरून अनेक जागी पसरत होत्या, आणि आर्किटेक्चर कशाला म्हणायचं यावर दोन तज्ज्ञांचं एकमत नव्हतं. झॅकमननी उत्तर संगणकात शोधलं नाही. इमारती बांधणारे आणि विमानं बनवणारे आपल्या कामाचे कोणकोणते कागद तयार करतात, ते त्यांनी पाहिलं. घर बांधताना मालकाला समजावं म्हणून काढलेलं चित्र वेगळं, आर्किटेक्टचे तपशीलवार नकाशे वेगळे, ठेकेदाराचे वेगळे, आणि एखादाच भाग बनवून देणाऱ्या उपठेकेदाराच्या हातातला कागद आणखी वेगळा. घर एकच, पण त्याचं वर्णन करणारे कागद अनेक, आणि कुठल्याही एकाला ‘हेच आर्किटेक्चर’ म्हणता येत नाही.

इथे माझा पहिला गुंता सुटला. चौकोनात ईआरपी जातच नाही. चौकोनात जातं ते वर्णन: एका प्रश्नाला धरून, एका माणसाच्या नजरेतून केलेलं. ईआरपीतल्या माहितीचं वर्णन एका जागी, तिच्या कामांचं दुसऱ्या, तिच्या वेळापत्रकाचं तिसऱ्या. टीममधल्या सगळ्यांचं बरोबर वाटत होतं, कारण प्रत्येक जण वेगळ्या वर्णनाबद्दल बोलत होता.

मला सर्वांत जास्त धरून ठेवलं ते लेखातल्या विमानांच्या कारखान्यानं. कुठल्याही वस्तूची तीन तऱ्हेची वर्णनं तिथे सांगितली आहेत: ती कशाची बनली आहे, ती कशी काम करते, आणि तिचे भाग एकमेकांच्या संदर्भात कुठे आहेत. पहिल्याचं उदाहरण म्हणून बिल ऑफ मटेरियल, म्हणजे आमचं बीओएम! संगणकाच्या जगातला हा लेख माझ्या रोजच्या कामातल्या कागदाकडे बोट दाखवत होता. १९८७ च्या लेखात रकाने तपशिलानं मांडलेले होते ते या तीनच प्रश्नांचे. पुढे १९९२ मध्ये जॉन सोवा यांच्याबरोबर झॅकमननी त्याच जर्नलमध्ये दुसरा लेख लिहिला आणि कोण, केव्हा, का हे उरलेले तीन रकाने त्यात आले.

मग मी आमच्या एका ब्रॅकेटची फाइल काढून टेबलावर पसरली. बीओएम: कोणता पत्रा, कोणता नट, किती नग. प्रोसेस शीट: आधी ब्लँकिंग, मग बेंडिंग, मग वेल्डिंग. प्लँटचा लेआउट: कोणता प्रेस कुठल्या शेडमध्ये. स्किल मॅट्रिक्स: वेल्डिंगच्या स्टेशनवर कोणाला उभं करता येतं. महिन्याचं शेड्यूल: कोणत्या तारखेला किती नग. आणि वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली उद्दिष्टं, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. सहा प्रश्न, सहा कागद. कारखाना हे कागद वेगवेगळे ठेवतो आणि त्याला सबळ कारण आहे. वेल्डिंगची पद्धत बदलली तरी पत्रा तोच राहतो, त्यामुळे बीओएमला हात लावावा लागत नाही. प्रेस दुसऱ्या शेडमध्ये हलवला तर लेआउट बदलतो, प्रोसेस शीट तीच राहते. हे सगळं एकाच कागदावर कोंबलं असतं, तर एका बदलासाठी सगळा कागद पुन्हा काढावा लागला असता.

झॅकमनच्या नियमांत हेच आहे: एका चौकोनात एकाच जातीची गोष्ट. अशा निखळ वर्णनांना ते प्रिमिटिव्ह म्हणतात आणि दोन-चार रकान्यांची सरमिसळ असलेल्यांना कॉम्पोझिट. दुसरा नियम, रकान्यांना क्रम नाही. ‘काय’ आधी छापलेलं असलं म्हणून ते जास्त महत्त्वाचं ठरत नाही. सुरुवात कुठून करायची या माझ्या प्रश्नाचं उत्तर तक्त्यावर का नव्हतं, तेही इथे कळलं. झॅकमन ठासून सांगतात की ही कार्यपद्धती नाही. ही फक्त मांडणी आहे. सोमवारी सकाळी काय करायचं, हे ती सांगणार नाही.

ओळींनी मात्र मला जास्त दिवस छळलं. वरून खाली जाताना तपशील वाढत जातो, असंच आमच्या टीममध्ये सगळे धरून चालले होते. दिसायला तसंच दिसतं. पण मग दुसऱ्या ओळीतला धंद्याचा कागद बारीकसारीक तपशिलानं भरला की तो आपोआप तिसऱ्या ओळीत उतरायला हवा, आणि तसं होत नाही. घरमालकानं प्रत्येक खोलीतल्या प्रत्येक कपाटाची फळी सांगितली, तरी तुळईत सळई किती जाडीची घालायची हे त्यातून निघत नाही. ती वेगळ्या माणसाची वेगळी चिंता आहे. मालक राहण्याच्या सोयीनं बांधलेला आहे, आर्किटेक्ट शक्याशक्यतेनं, ठेकेदार हाताशी असलेल्या साहित्यानं आणि अवजारांनी. ओळ बदलते तेव्हा बंधनं बदलतात. तपशील किती खोल द्यायचा हा प्रत्येक चौकोनाच्या आतला निर्णय.

पाचवी ओळ मला लगेच उमगली, कारण आमची सगळी कंपनीच त्या ओळीत बसते. तिथे अशा माणसाची नजर आहे जो संपूर्ण वस्तू न बघता त्यातला एक भाग बनवतो. गाडीच्या कंपनीकडून आम्हाला ब्रॅकेटचं ड्रॉइंग येतं: मापं, टॉलरन्स, मटेरियलचा ग्रेड. ते ब्रॅकेट गाडीत नेमकं काय पेलतं, हे पुष्कळदा आम्हाला माहीत नसतं आणि नग बरोबर बनवण्यासाठी ते लागतही नाही. सॉफ्टवेअरमध्ये हीच जागा एखादाच प्रोग्रॅम लिहून देणाऱ्याची. त्याच्या हातात अचूक कागद पडला पाहिजे, आणि तो कागद वरच्या ओळींशी जुळलेला आहे याची हमी दुसऱ्या कुणीतरी घेतली पाहिजे.

इतकं समजल्यावरही सगळी कंपनी छत्तीस चौकोनांत मांडायची या कल्पनेनं मी गांगरूनच होते. म्हणून टीमप्रमुखांची परवानगी घेऊन मी एकच विषय निवडला: ग्राहकाकडून परत येणारा माल. सगळ्या विभागांची एकमेकांविरुद्ध तक्रार असलेला हा विषय.

परत येणाऱ्या मालाची वाट अशी. ग्राहकाच्या प्लँटमध्ये काही नग रिजेक्ट होतात. तिकडून डेबिट नोट मेलनं आमच्या अकाउंट्सला येते. माल मागाहून, दुसरा माल घेऊन परतणाऱ्या गाडीतून येतो. तो गेटवर उतरतो, स्टोअरमध्ये जातो, क्वालिटीची माणसं तो तपासतात, काही नग चांगले निघतात, काही दुरुस्त होतात, बाकीचे स्क्रॅपमध्ये जातात. महिनाअखेरीला अकाउंट्सचा आकडा आणि स्टोअरचा आकडा जुळत नाही.

आयटीकडे कागद भरपूर होते. जुन्या ईआरपीची माहितीची रचना दाखवणारी आकृती होती, म्हणजे तिसऱ्या ओळीतलं ‘काय’. टेबलांच्या याद्या होत्या, चौथी ओळ. प्रोग्रॅम होते, पाचवी ओळ. यंत्रणा रोज चालत होती, सहावी. दुसऱ्या ओळीत, धंदा चालवणाऱ्यांच्या नजरेतून परत येणारा माल म्हणजे काय, याचा एकही कागद नव्हता. तो कधी काढलाच गेला नव्हता. मी तो काढायला निघाले.

स्टोअरचे साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या तक्त्यात हे कुठे बसतं ते तुम्ही बघा. मला गाडी रिकामी करून सोडायची असते.’ त्यांनी मला गेटवर पाठवलं. गेटवरच्या मामांकडे एक जाड रजिस्टर आहे, हातानं लिहिलेलं. परत आलेल्या प्रत्येक गाडीची नोंद त्यात: तारीख, गाडी नंबर, ग्राहकाचं चलन, नग, आणि शेवटच्या रकान्यात माल ठेवलाय ती जागा. मी विचारलं, सिस्टिममध्ये नोंद असताना हे कशाला? मामा म्हणाले, ‘ताई, सिस्टिम आपला बिल नंबर मागते. या चलनावर चार बिलांचा माल आहे. मी त्यातलं कुठलं टाकू?’

त्या एका वाक्यात दोन ओळींमधलं अंतर होतं. धंद्याच्या नजरेनं परत आलेल्या एका गाडीचं नातं अनेक बिलांशी असतं, आणि एका बिलाचा माल अनेक गाड्यांतून परत येऊ शकतो. आयटीच्या आकृतीत मात्र एका परतीला एकच बिल जोडलेलं होतं. दोन्ही कागद एकाच रकान्यातले, एकाखाली एक. वरचा कागद नव्हता म्हणून खालच्यातला दोष कुणाला दिसत नव्हता. मामांचं रजिस्टर ती उणीव वर्षानुवर्षं भरून काढत होतं.

मग ‘केव्हा’चा चौकोन भरला. पैशाचा दावा पहिल्यांदा येतो, माल नंतर, आणि नग खरोखर खराब आहेत की नाही हा निर्णय त्याहूनही नंतर. तीन वेगळ्या घटना, तीन वेगळ्या तारखा. जुन्या यंत्रणेत परतीची नोंद केली की पैशाची नोंदही त्याच क्षणी पडत असे. महिनाअखेर या तारखांच्या मध्ये आली की आकडे फाटणारच. अकाउंट्सच्या मॅडमनी तो कागद पाहिला आणि बराच वेळ काही न बोलता त्यावर पेन्सिलीनं बाण काढत राहिल्या. नंतर म्हणाल्या, ‘हे आम्ही दर महिन्याला हातानं दुरुस्त करतो. पण कारण असं समोर कुणी मांडलं नव्हतं.’

‘का’चा चौकोन भरणं सर्वांत अवघड गेलं. परत आलेला माल आपण घेतो कशासाठी? क्वालिटीला दोषाचं मूळ शोधायचं असतं, विक्रीला ग्राहकाकडचं आपलं रेटिंग राखायचं असतं, अकाउंट्सला हिशोब मिटवायचा असतो. तिघांचे हेतू रास्त आहेत आणि ते एकमेकांना काटतात: हिशोब लवकर मिटवायचा तर तपासणी घाईत होते. हा वाद तक्ता सोडवत नाही. तो वर नेऊन ठेवावा लागतो, पहिल्या ओळीतल्या माणसांपुढे.

कामात सर्वांत जास्त वेळ गेला तो हातातले कागद सोडवण्यात. कारखान्यात कुणीही प्रक्रिया काढून दाखवतो ती फ्लो चार्टनं, आणि त्या फ्लो चार्टमध्ये कोण करतो, कुठे करतो, कशावर करतो, कधी करतो हे सगळं एकाच चौकटीत असतं: ‘स्टोअर इनचार्ज दुपारच्या शिफ्टमध्ये ईआरपीत जीआरएन करतो.’ काम समजून घ्यायला हे वाक्य चांगलं आहे. पण नव्या ईआरपीसाठी मला हवं होतं ते एवढंच, की आलेल्या मालाची पावती नोंदवली जाते. इनचार्ज, शिफ्ट आणि ईआरपी या तीन गोष्टी उद्या बदलतील. पावती नोंदवणं राहील. असं प्रत्येक वाक्य उकलून त्याचे तुकडे आपापल्या रकान्यात ठेवणं कष्टाचं आहे, पण टाळण्यासारखं नाही. फ्लो चार्ट फेकून द्यायचे नाहीत, ते माणसांशी बोलायला लागतातच.

आता या चौकटीबद्दल माझं मत. आधी काय, मग काय, हे ती सांगत नाही. ज्यांना पायऱ्या हव्या आहेत त्यांना दुसरीकडे जावं लागतं. द ओपन ग्रुपचं टोगॅफ १९९५ पासून आहे आणि त्यात टप्प्याटप्प्यानं पुढे नेणारी पद्धत आहे. आपल्या केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं सरकारी विभागांसाठी इंडईए ही चौकट २०१८ मध्ये आणली. झॅकमनचा तक्ता यांच्यासोबत वापरता येतो, त्यांच्या जागी नाही. आणि मोठ्या कंपनीनं छत्तीसच्या छत्तीस चौकोन सगळ्या कारभारासाठी भरायला घेतले, तर भरून होईपर्यंत कारभार बदललेला असेल. आमच्याकडे काही जणांचा तसा आग्रह होता. मी तेव्हाही विरोध केला, आजही करेन. भरलेल्या चौकोनांची टक्केवारी दर आठवड्याला सादर करण्यानं ईआरपी चांगली होत नाही.

पण नुसत्या चर्चेत न दिसणारी एक गोष्ट हा तक्ता दाखवतो. बैठकीत सगळे एकाच विषयावर बोलत असतात आणि तरी पटत नाही. तेव्हा मी आता मनातल्या मनात रकाना आणि ओळ लावून पाहते. बहुतेक वेळा एक जण ‘केव्हा’बद्दल बोलत असतो आणि दुसरा ‘काय’बद्दल, किंवा दोघे ‘काय’बद्दलच, पण एक धंद्याच्या ओळीतून आणि दुसरा टेबलांच्या ओळीतून. तेवढं सांगितलं तरी बोलणं पुढे सरकतं.

या कामाला नव्यानं लागणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तक्ता पूर्ण समजण्याची वाट बघू नका, मलाही तो अजून पूर्ण समजलेला नाही. तुमच्या संस्थेत जिथे सिस्टिम असूनही कुणीतरी हातानं रजिस्टर लिहितं, ती जागा शोधा, त्या माणसाशेजारी बसा आणि दुसऱ्या ओळीतले सहा चौकोन तेवढ्या एका विषयासाठी भरा. आमच्या नव्या ईआरपीच्या गरजांच्या कागदपत्रांत परतीच्या मालाचे हे सहा कागद जोडले गेले आहेत. एका परतीला अनेक बिलं जोडता आली पाहिजेत ही अट त्यात पहिल्या क्रमांकावर आहे, आणि गेटवरचं रजिस्टर नवी यंत्रणा नीट चालेपर्यंत बंद करायचं नाही, असंही त्यात लिहिलं आहे.